गुडघ्यातला मेंदू

‘तुझा मेंदू काय गुडघ्यात आहे का?’ हे वाक्य एकदाही न ऐकता मराठी शाळेतून बाहेर पडलेला माणूस मला अजून भेटायचा आहे. पण गुडघ्याची गंमत अशी, की डॉक्टर वाटीखाली रबरी हातोडी मारतात तेव्हा पाय जो झटकन उडतो, त्याचा हुकूम मेंदूकडून येतच नाही. तो पाठीच्या कण्यातल्या मज्जारज्जूतून परस्पर सुटतो. मेंदूला खबर लागते ती नंतर. मेंदू गुडघ्यात नाही हे खरेच, पण गुडघ्याचे त्यावाचून अडतही नाही.

खरा मेंदू म्हणजे तेरा-चौदाशे ग्रॅमचा, खरवसासारखा लिबलिबीत गोळा. बरणीतला घट्ट, राखाडी नमुना पाहून तो टणक वाटतो, पण ती करामत फॉर्मलिनची. घड्या पडलेला मोठा मेंदू वर, त्याच्या मागे-खाली लहान मेंदू, आणि श्वास व हृदयाचे ठोके सांभाळणारा मस्तिष्कस्तंभ देठासारखा मज्जारज्जूकडे उतरलेला.

यातल्या लहान मेंदूवर नावामुळे फार अन्याय झाला आहे. वजनाने तो सगळ्या मेंदूचा जेमतेम दहावा हिस्सा. पण ब्राझीलच्या सुझाना हर्क्युलानो-हौझेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मेंदू अक्षरशः विरघळवून पेशी मोजल्या (२००९), तेव्हा सुमारे ८६०० कोटी चेतापेशींपैकी जवळजवळ ६९०० कोटी या ‘लहान्या’त निघाल्या! तोल, हालचालींतला मेळ, नेमकी वेळ साधणे ही त्याची कामे. दारू चढल्यावर पाऊल वाकडे पडते, ते बरेचसे याच्यावर अंमल झाल्यामुळे. चीनमध्ये चक्कर आणि मळमळीची तक्रार घेऊन आलेल्या २४ वर्षांच्या एका बाईच्या स्कॅनमध्ये लहान मेंदूची जागाच रिकामी आढळली. २०१४ मध्ये ते प्रसिद्ध झाले. ती सातव्या वर्षी चालू लागली होती, चाल अस्थिर होती, पण ती चालत होती. उरलेल्या मेंदूने जमेल तेवढे काम अंगावर घेतले असावे.

‘माणूस मेंदूचा दहाच टक्के भाग वापरतो’ हे वाक्य स्मरणशक्तीचे कोर्स विकणाऱ्यांचे फार लाडके. शरीराच्या वजनाच्या दोन टक्के असलेला हा अवयव एकूण ऊर्जेतला साधारण पाचवा हिस्सा खातो, आणि झोपेतही त्याची भूक फारशी घटत नाही. नव्वद टक्के रिकामटेकड्यांना शरीराने इतके पोसले नसते. शिवाय तसे असते, तर दहातल्या नऊ वेळा मेंदूतली गुठळी कुणाच्या लक्षातही आली नसती. प्रत्यक्षात सुपारीएवढा भाग मेला तरी कुणाची वाचा जाते, कुणाचा हात.

डावा मेंदू हिशेबी, उजवा कलावंत, हेही तसलेच. बहुतेकांची भाषा मुख्यतः डावीकडे असते, हे पॉल ब्रोकाने १८६० च्या दशकातच दाखवले. पण दोन्ही बाजूंना जोडणारा सुमारे २० कोटी तंतूंचा पूल अखंड चालू असतो. गाणारा माणूस काय, जमाखर्च लिहिणारा काय, दोन्ही बाजू वापरतो.

या सगळ्यांत खरे नुकसान करणारा गैरसमज एकच: फिट आली की चप्पल किंवा कांदा हुंगवणे. फिट म्हणजे मेंदूतल्या विजेचा तात्पुरता गोंधळ, आणि बहुतेक वेळा तो दोन-तीन मिनिटांत आपोआप शमतो. चप्पल शोधून आणेपर्यंत तेवढा वेळ जातोच, आणि श्रेय चपलेला मिळते. हातपाय दाबून धरू नका, तोंडात चमचा घालू नका. आजूबाजूच्या टोकदार वस्तू हलवा, डोक्याखाली काही मऊ ठेवा, झटके थांबताच माणसाला कुशीवर वळवा. आणि घड्याळ बघा: पाच मिनिटे उलटली, किंवा शुद्धीवर येण्याआधीच दुसरी फिट आली, तर थेट रुग्णालय.