बेसिक (आज्ञावली भाषा)

बेसिक ही नवशिक्यांसाठी तयार करण्यात आलेली उच्चस्तरीय संगणकीय आज्ञावली भाषा आहे. अमेरिकेतील न्यू हॅम्पशायर राज्यातील डार्टमथ कॉलेजात जॉन केमेनी आणि थॉमस कर्ट्झ या गणिताच्या प्राध्यापकांनी ती १९६४ साली विकसित केली. ‘बिगिनर्स ऑल-पर्पज सिम्बॉलिक इन्स्ट्रक्शन कोड’ या शब्दांच्या आद्याक्षरांवरून तिचे नाव पडले.

पार्श्वभूमी

त्या काळी आज्ञावली पंचकार्डांवर उतरवून संगणक केंद्रात जमा करावी लागे आणि उत्तर काही तासांनी, प्रसंगी दुसऱ्या दिवशी मिळे. एखादा स्वल्पविराम चुकला तरी सर्व खटाटोप पुन्हा करावा लागे. डार्टमथचे बहुसंख्य विद्यार्थी विज्ञानशाखेचे नव्हते; त्यांनाही संगणक स्वतः हाताळता आला पाहिजे, असा केमेनी व कर्ट्झ यांचा आग्रह होता. म्हणून भाषेबरोबरच, एकच संगणक अनेकांना एकाच वेळी वापरू देणारी कालविभाजन प्रणालीही उभारण्यात आली. तिचे बरेचसे काम पदवीच्या विद्यार्थ्यांनीच केले. १ मे १९६४ रोजी पहाटे चारच्या सुमारास जनरल इलेक्ट्रिकच्या संगणकावर बेसिकमधील पहिल्या आज्ञावल्या चालल्या.

रचना

प्रत्येक ओळीला क्रमांक असे. तोच क्रमांक देऊन नवी ओळ टंकली की जुनी ओळ आपोआप बदले, त्यामुळे दुरुस्तीसाठी वेगळे साधन शिकावे लागत नसे. पूर्णांक आणि दशांश असा भेद फोरट्रानप्रमाणे वापरकर्त्यावर लादलेला नव्हता. चलाचे नाव एक अक्षर, किंवा एक अक्षर व त्यापुढे एक अंक, एवढेच असू शकत असल्याने साधी चले २८६ पेक्षा अधिक होऊ शकत नसत. मूल्य देताना ‘लेट’ हा शब्द सक्तीचा होता; ‘क्ष = क्ष + १’ हे बीजगणितात अशक्य असलेले समीकरण नव्हे, तर एक कृती आहे, हे त्यामुळे विद्यार्थ्याला सहज उमगे. लवकरच ‘मॅट’ आज्ञांची भर पडली आणि सारण्यांचा गुणाकार किंवा व्यस्त सारणी काढणे एका ओळीत शक्य झाले. शास्त्रीय गणनेसाठी ही मोठीच सोय होती. बेसिक मुळापासूनच ओळीओळीने अर्थ लावून चालवली जाणारी भाषा होती हा समज चुकीचा आहे. डार्टमथची आवृत्ती संपूर्ण आज्ञावलीचे आधी यंत्रभाषेत रूपांतर करी.

प्रसार व टीका

१९७५ मध्ये बिल गेट्स व पॉल अ‍ॅलन यांनी अल्टेअर या सूक्ष्मसंगणकासाठी बेसिक लिहिली आणि पुढील दशकात ती घरगुती संगणकांची जणू मातृभाषा झाली. भारतात १९८४ मध्ये सुरू झालेल्या ‘क्लास’ प्रकल्पातील शाळांमध्ये ती बीबीसी मायक्रो संगणकांबरोबर पोहोचली. तुटपुंज्या स्मृतीत बसवण्यासाठी बहुतेक आवृत्त्यांतून सारणी-आज्ञा गाळण्यात आल्या, ‘गोटू’चा सुळसुळाट मात्र कायम राहिला. एड्स्गर डाइक्स्ट्रा यांनी १९७५ मध्येच बेसिक शिकलेल्यांना चांगले आज्ञावलीलेखन शिकवणे जवळजवळ अशक्य असल्याची कठोर टीका केली. केमेनी व कर्ट्झ यांनाही या छाटलेल्या आवृत्त्या मान्य नव्हत्या. त्यांनी १९८५ मध्ये ‘ट्रू बेसिक’ आणली. तीत ओळींचे क्रमांक अनावश्यक ठरले आणि सारणी-आज्ञा परत आल्या. तोवर बाजार इतर आवृत्त्यांनी व्यापला होता.