बरे वाटते, मग औषध कशाला?

श्रोतेहो, डोकेदुखी थांबली की आपण गोळी बंद करतो, आणि त्यात काही चूक नाही. पण हाच न्याय मनाच्या एका आजाराला लावला, तर घात होतो. त्या आजाराचे नाव द्विध्रुवीय विकार. कधी उन्माद: झोप नको, बोलणे आवरत नाही, पैसा पाण्यासारखा जातो. कधी खिन्नता: उठून तोंड धुण्याचेही बळ नाही. मधल्या काळात माणूस ठणठणीत दिसतो, आणि गफलत तेथेच होते.

१९४८ साली ऑस्ट्रेलियात डॉ. जॉन केड यांनी पाच वर्षे उन्मादात असलेल्या एका रुग्णाला लिथियमचा क्षार दिला. काही महिन्यांत तो घरी गेला, जुन्या कामावरही रुजू झाला. पुढे त्याने औषध सोडले. जानेवारी १९४९ मध्ये तो पुन्हा रुग्णालयात आला. औषध परत सुरू झाले. पण रक्तातील लिथियम मोजण्याची रीत तेव्हा रूढ नव्हती, आणि १९५० मध्ये विषबाधेने त्याचा अंत झाला. या एका आयुष्यात दोन्ही धडे आहेत: औषध सोडू नये, आणि मोजल्यावाचून घेऊ नये.

पहिल्या धड्याचा पुरावा डेन्मार्कमध्ये मिळाला. बास्ट्रुप, स्कौ व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७० मध्ये ८४ रुग्णांवरील प्रयोग प्रसिद्ध केला. हे सर्व लिथियमवर स्थिर होते. ३९ जणांना नकळत औषधहीन गोळ्या दिल्या. पाच महिन्यांत २१ जणांचा आजार उलटला. लिथियम चालू असलेल्या ४५ जणांत एकाचाही नाही.

म्हणजे बरे वाटणे हे औषध चालू असल्याचे फळ असू शकते. पूर आला नाही म्हणून नदीकाठचा बांध कोणी फोडतो काय?

लिथियम सर्वांना मानवतेच असे नाही. इतर औषधेही आहेत. झटका येणारच नाही अशी हमीही नाही. लिथियम घेणाऱ्याने रक्तातील प्रमाण, मूत्रपिंड व थायरॉइड वेळोवेळी तपासावे. उन्हाळ्यात पाणी कमी पडू देऊ नये. मीठ एकाएकी तोडू नये. जुलाब-उलट्या झाल्या, हात फार कापू लागले किंवा तोल जाऊ लागला, तर तत्काळ डॉक्टरांना गाठावे. वेदनाशामक गोळीही त्यांना विचारूनच घ्यावी. औषध थांबवायचेच असेल, तर तेही त्यांच्या सल्ल्याने आणि हळूहळू.

आणि घरच्यांनी? "आता बरा आहेस, कशाला गोळ्या?" हा प्रेमळ प्रश्न तेवढा विचारू नये.