कारारा : माणसांनी कापत नेलेला डोंगर

पिसाचा झुकता मनोरा पाहिला की बहुतेक प्रवासी फ्लॉरेन्सची वाट धरतात. हाताशी एखादा दिवस असेल तर त्यांनी जेनोवाच्या दिशेची गाडी पकडावी आणि कारारा-आवेन्झा स्थानकावर उतरावं. एका बाजूला समुद्र, दुसऱ्या बाजूला अपुआन आल्प्सची रांग. भर ऑगस्टमध्येही तिचे उतार पांढरेफटक दिसतात. ते बर्फ नाही. पिढ्यानपिढ्या खाणींतून खाली ढकललेल्या संगमरवराच्या कपच्या आहेत त्या.

गावाच्या वर खाणींची तीन मुख्य खोरी आहेत : तोरानो, फांतिस्क्रित्ती आणि कोलोनाता. वेळ थोडा असेल तर फांतिस्क्रित्ती गाठावं. तिथल्या रावाच्चोने खाणीत मिनीबस थेट डोंगराच्या पोटात शिरते. आधाराला दगडाचेच प्रचंड खांब राखून आत दालनं कोरत नेली आहेत. छत बघायला मान पूर्ण मागे टाकावी लागते, आणि उन्हाळ्यातही अंगात स्वेटर हवा.

इथे घाई न करता भिंती बघाव्यात. हिऱ्याचे मणी ओवलेल्या तारेने कापलेली आजची भिंत हाताला सपाट लागते. त्याआधी, एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस साधी पोलादी तार आली. वाळू आणि पाणी सोडत ती सावकाश दगडात उतरायची. त्याहीआधी सुरुंगाचं राज्य होतं. सुरुंगाने दगड सुटायचा, पण त्यातला बराचसा फुटून वाया जायचा. आणि रोमन काळात? टाकीने चर खणायचा, त्यात पाचरी ठोकायच्या आणि ठोकळा सुटा करायचा. रोममधल्या ट्राजनच्या स्तंभाचा दगड याच डोंगरातला. त्या काळच्या कामगारांनी इथल्या कातळात ज्युपिटर, हर्क्युलिस आणि बाकस यांच्या लहानशा मूर्ती कोरल्या होत्या. १८६३ साली तो भाग काढून कारारातल्या कला अकादमीत नेला.

दगड कापण्यापेक्षा तो खाली आणणं जिवावरचं होतं. त्या कामाला ‘लित्सातुरा’ म्हणत. कित्येक टनांचा ठोकळा लाकडी घसरगाड्यावर बांधायचा, मागून जाड दोर खुंटांना वेढे देऊन हळूहळू सैल सोडायचे आणि उतारावर साबण लावलेले वासे आडवे टाकत जायचे. वरून ठोकळा पुढे सरकला की मागचा मोकळा झालेला वासा उचलून पुन्हा पुढे. हे वासे मांडणारा मुकादम ठोकळ्याच्या ऐन समोर उभा असे. दोर तुटला तर पहिला तोच सापडायचा. १९२८ साली मुसोलिनीच्या स्तंभासाठी सुमारे ३०० टनांचा अखंड दगड याच पद्धतीने उतरवला. वर खाणीतही धोका होताच : १९११ मध्ये बेतोल्ली खाणीत कडा कोसळून दहा कामगार गेले, तेही जेवणाच्या सुट्टीत. अराजकवादी चळवळीने याच गावात मूळ धरलं आणि १८९४ मध्ये इथे उठाव झाला, याचं मला जराही नवल वाटत नाही.

मायकेलँजेलो ‘पिएता’साठी दगड निवडायला १४९७ मध्ये इथे आला, हे प्रत्येक वाटाड्या सांगतो. सांगावंच. पण त्या शिल्पापुढे उभं राहिल्यावर वासे टाकणारा माणूसही आठवायला हवा, त्याचं नाव कुठेच कोरलेलं नाही.

दुपारी कोलोनातात जेवावं. डुकराची चरबी मीठ, लसूण आणि रोझमेरीसोबत संगमरवराच्या कुंडांत कित्येक महिने मुरवतात. पूर्वी कामगार पावाबरोबर ती खाणीत न्यायचे. आता तिच्यासाठी पर्यटक रांगा लावतात.

आज पूर्वीपेक्षा दगड कितीतरी वेगाने निघतो आणि त्यातला मोठा हिस्सा शिल्पांकडे किंवा फरशांकडे जात नाही. त्याची भुकटी होते. ती कागद, रंग, टूथपेस्ट यांत मिसळते. कापण्यातून निघणारा पांढरा गाळ पावसाबरोबर झऱ्यांत उतरतो आणि कार्रियोने नदी दुधाळ करतो. पर्यावरणवादी त्याविरुद्ध आवाज उठवत आहेत, तर कित्येक घरांची चूल याच खाणींवर पेटते. माझं मत स्पष्ट आहे : घडवण्यासाठी डोंगर कापणं समजू शकतं, टूथपेस्टसाठी नाही.