स्मृतीचा झाडा

धाराशिवास आमच्या घरीं संगणक एकच. पुतण्याच्या औषधांच्या दुकानाचे हिशेब आणि नातवंडांचा अभ्यास ह्या दोहोंचा भार त्यावर. गेल्या चैत्रांत तो दुपारनंतर इतका मंदावूं लागला कीं, नवा घ्यावा असें घरांत ठरत आलें. खर्च थोडाथोडका नव्हता, आणि त्याच वर्षीं नातीच्या महाविद्यालयाचें शुल्कही भरावयाचें होतें. तेव्हां संगणकाची स्मृति, म्हणजे नित्याच्या बोलण्यांतील मेमरी, कोण अडवून बसलें आहे हें आधीं पाहावें, असें आम्हीं सुचविलें.

यंत्र लिनक्सवर चालणारें. त्यांत चालू असलेल्या प्रत्येक प्रोग्रॅमास, म्हणजे प्रोसेसला, एक क्रमांक असतो आणि 'प्रॉक' नांवाच्या कप्प्यांत त्या क्रमांकाखालीं तिचा झाडा मिळतो. गंमत अशी कीं, हा झाडा कोठेंच लिहून ठेविलेला नसतो. आपण उघडतों त्या क्षणीं यंत्रणा तो मांडून देते. त्यांत एक आंकडा राखून ठेविलेल्या जागेचा, दुसरा खरोखर व्यापलेल्या जागेचा. पहिला पाहून पुतण्या घाबरला. पण शंभर पोत्यांचें पेव खणलें म्हणजे शंभर पोतीं ज्वारी घरांत आली, असें आमच्या मराठवाड्यांत कोणी मानीत नाहीं. स्मृतीचीं पानें पाडलेलीं असतात, बहुधा ४०९६ बाइटांचें एकेक. प्रोग्रॅमनें पानास प्रथम हात लावला म्हणजेच तें त्यास खरोखर मिळतें. पानें पाडण्याची ही युक्ति १९६२ सालच्या मँचेस्टर येथील 'अ‍ॅटलस' संगणकापासूनची.

व्यापलेल्या जागांची बेरीज केली तों निराळेंच कोडें. "काका, चार गिगाबाइटांच्या यंत्रांत साडेचार मावले आहेत!" चार भावांनीं आपापल्या भांड्यांची यादी केली आणि माजघरांतील सामाईक हंडा चौघांनींही मांडला, तर हंडे चार होत नाहींत. ब्राउझरच्या अनेक प्रोसेस कित्येक पानें अशींच सामाईक वापरतात. २००८ पासून लिनक्समध्यें 'पीएसएस' हा वांटणीचा आंकडाही मिळतो. पान चौघांत सामाईक असेल तर प्रत्येकाच्या नांवें चतकोर.

ह्या आंकड्यानें ब्राउझर सुटला. दोषी निघाला हिशेबाचा प्रोग्रॅम: सकाळीं ३०० मेगाबाइट, दुपारीं १,९००. नुसत्या वाढीवरून आरोप ठेवूं नये. नव्या कामास नवी जागा लागतेच. म्हणून एकच पावती पन्नास वेळां उघडून मिटविली. प्रत्येक वेळीं थोडी जागा जाई, ती परत येत नसे. हीच गळती.

प्रोग्रॅम करणारांस तसें कळविलें आहे. तोंवर दुपारच्या जेवणापूर्वीं तो बंद करून पुनः उघडतों. संगणक जुनाच आहे, व नातीचें शुल्क वेळेवर भरलें.