‘दुकानाला दिले’ म्हणजे काय?



उसाचे शेवटचे बिल खात्यावर पडले की आपल्या घरांतून एक विषय हमखास निघतो. थोरला शेती बघतो, धाकट्याला शहरात काहीतरी टाकून द्यायचे. मग एखादा मित्र भेटतो, गाळा बघितला जातो, नारळ फुटतो. कागदाचे नाव काढले तर उत्तर ठरलेले : "कागद कशाला? आपण काय परके आहोत का?"

औरंगपुऱ्यात अशी भागीदारीची दुकाने पुष्कळ. जिल्हा परिषदेत काम घेऊन गेलेला माणूस तिथेच वह्या-पुस्तके, भाजी घेतो आणि गावची गाडी धरतो. सरस्वती भुवनच्या पोरांची वर्दळ वेगळीच. तिथल्या एका वह्या-पुस्तकांच्या दुकानाची ही हकिकत. नावे सांगत नाही. दोन्ही घरे अजून एकमेकांशी बोलतात, ते तसेच राहावे.

एका मित्राने 3 लाख रुपये आणले. ते त्याच्या वडिलांच्या उसाचे. दुसऱ्याकडे पैसा नव्हता, पण सकाळी शटर उघडण्यापासून रात्री गल्ला मोजण्यापर्यंत तोच बसे. भाडेचिठ्ठीही त्याच्याच नावावर. नफा निम्मा-निम्मा, हे तोंडी ठरलेले. सात वर्षे कुरबुरीशिवाय गेली. आणि पैसेवाला भागीदार आजारपणात वारला.

मी कारखान्याच्या हिशेब खात्यात नोकरी केलेला, म्हणून त्याचे वडील डायरी घेऊन माझ्याकडे आले. डायरीत एकच ओळ होती : ‘दुकानाला दिले 3,00,000.’

मी विचारले, "अण्णा, दिले म्हणजे कसे दिले?"

"कसे म्हणजे? दिले!"

इथेच सगळे अडते. या एका ओळीचे तीन अर्थ निघतात. वडिलांनी दुकानाला कर्ज दिले असेल, तर ते बाहेरचे धनको. भागीदारांच्या आधी त्यांचे पैसे फिटले पाहिजेत. मुलाने भांडवलापेक्षा जास्तीची रक्कम धंद्याला उसनी दिली असेल, तर 1932 च्या भारतीय भागीदारी कायद्याच्या कलम 13 प्रमाणे तिला दरसाल 6 टक्के व्याज लागते. सात वर्षांचे व्याज 1,26,000, म्हणजे एकूण 4,26,000. आणि ते भांडवल असेल, तर करार नसताना व्याज मुळीच नाही. शिवाय वाटणीत ते उसन्या रकमेच्याही मागे उभे राहते आणि तोटा आला तर त्यालाच आधी खार लागतो.

आता दुसऱ्या बाजूने बघा. तो म्हणाला, "काका, सात वर्षे मी उभा राहिलो, त्याचे काहीच नाही का?" माणूस लबाड नव्हता, त्याचाही हिशेब खरा होता. पण कायदा म्हणतो, करार नसेल तर भागीदाराला कामाचा पगार मिळत नाही. म्हणजे न लिहिल्याचा फटका दोघांनाही बसला. तोंडी करार कायद्याला चालतो, नाही असे नाही. पण तो सिद्ध करायला बोलणारा माणूस जिवंत लागतो.

भागीदार वारला की करार नसल्यास भागीदारी मोडते, असे कलम 42 सांगते. इथे एक बारीक गोष्ट आहे, आणि ती वकिलाला विचारून घ्यावी. भागीदार दोनच असतील, तर ‘एकाच्या मृत्यूनंतर पेढी चालू राहील’ असे लिहूनही ती चालत नाही. एकट्याची भागीदारी कशी होणार? हे सर्वोच्च न्यायालयाने 1965 साली गोविंदराम शुगर मिल्सच्या खटल्यात सांगितले. योगायोग पाहा, तो खटलाही साखर कारखान्याचाच. म्हणून दोघांच्या कागदात लिहायचे ते हे की, एक गेल्यास मालाची, उधारीची किंमत कोणी आणि कशी ठरवायची, वारसांना पैसे किती महिन्यांत आणि किती हप्त्यांनी द्यायचे, गाळा कोणाकडे राहायचा.

आमच्या दुकानाची एका शिक्षणसंस्थेकडे मोठी उधारी होती. नोटीस द्यावी म्हटले, तर वकील म्हणाले, पेढी नोंदलेली आहे का? नव्हती. नोंद नसलेल्या पेढीला कराराच्या येण्यासाठी बाहेरच्यावर दावा लावता येत नाही; कलम 69. आपल्या महाराष्ट्राने तर 1984 च्या दुरुस्तीने त्याहून पुढे जाऊन, नोंद नसलेल्या पेढीच्या भागीदाराला आपसातल्या हिशेबाच्या दाव्यालाही मनाई केली होती. ती तरतूद सर्वोच्च न्यायालयाने 2009 मध्ये घटनाबाह्य ठरवली. पण उधारीची अडचण आजही तशीच आहे. ती रक्कम शेवटी हातापाया पडून, अर्धीच आली.

विश्वास असला की कागद नको, हे मला तरी पटत नाही. प्रवरानगरला विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांचा एकमेकांवर विश्वास कमी होता काय? तरी 1948 साली कारखान्याची नोंदणी झाली ती पोटनियमांसकट. आपल्या कारखान्यात भाग घेताना आपण वारसाचे नाव लिहून देतो, तेव्हा घरात कोणी म्हणत नाही की मरणाचे कशाला बोलता. मग पोराच्या दुकानाच्या वेळीच जीभ का अडखळते?

आणखी एक. भागीदाराचा पगार आयकरात वजा मिळतो तो कागदात लिहिला असेल तरच. 2008 च्या कायद्याने आलेल्या मर्यादित दायित्वाच्या भागीदारीतही लेखी करार केला नाही, तर कायद्याच्या परिशिष्टातले नियम लागू होतात, आणि तिथेही पगार नाहीच.

अण्णांच्या बाबतीत आम्ही चार संध्याकाळी बसलो. 3 लाख भांडवल धरले, व्याज सोडले. भागीदाराने पगार सोडला. राहिलेल्या मालाची मोजदाद केली. खपत नसलेली जुनी गाईडे पाहून अण्णा गप्पच झाले. सुनेच्या नावे 24 हप्ते ठरले, आणि हे मात्र स्टॅम्पवर लिहिले.

दुकान चालू आहे. मागच्या वर्षी भागीदाराने आपल्या भाच्याला सोबत घेतले आणि मसुदा वाचायला माझ्याकडे पाठवला. नफ्याचे, चेकवरच्या सह्यांचे कलम पाच मिनिटांत झाले. उधारी किती रुपयांपर्यंत एकट्याने द्यायची, यावर मामा-भाचे दोन दिवस भांडले, मग आकडा घातला.