पहिला तास मोलाचा

दिवाळीनंतर चकलांबा परिसरातील अनेक घरांत वृद्ध आणि नातवंडेच उरतात. कर्ती माणसे ऊसतोडीसाठी पश्चिम महाराष्ट्रात वा कर्नाटकात गेलेली असतात. त्यांची खुशाली आणि घरखर्चाचे पैसे आता मोबाइलवरूनच येतात.

गेल्या हंगामात एक आजी वाढलेल्या रक्तदाबाची तक्रार घेऊन दवाखान्यात आल्या. गोळ्या नियमित सुरू होत्या. परंतु चार रात्री झोप नव्हती. बऱ्याच वेळाने त्या बोलत्या झाल्या. ‘बँकेतून बोलतोय’ म्हणणाऱ्याला त्यांनी ओटीपी सांगितला होता आणि मुलाने पाठवलेली रक्कम खात्यातून गेली होती. “लेकाला काही सांगू नका, डॉक्टरसाहेब,” एवढीच त्यांची विनवणी होती.

वाचकहो, छातीत दुखू लागल्यावर पहिला तास किती मोलाचा असतो, हे आपण जाणता. ऑनलाइन फसवणुकीतही तसेच आहे. चोरलेली रक्कम एका खात्यातून दुसऱ्या खात्यात झपाट्याने फिरवली जाते. १९३० या राष्ट्रीय क्रमांकावर तत्काळ कळवल्यास ती वाटेतच गोठवली जाण्याची शक्यता असते. रिझर्व्ह बँकेच्या ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकानुसार, ग्राहकाने स्वतः ओटीपी सांगितला असेल, तर बँकेला कळवेपर्यंतचे नुकसान त्याचे, कळवल्यानंतरचे बँकेचे. म्हणजे लाजेपोटी बाळगलेले मौन प्रकृतीला आणि खिशालाही बाधते.

ग्रामीण कुटुंबांसाठी २०१७ मध्ये सुरू झालेल्या प्रधानमंत्री ग्रामीण डिजिटल साक्षरता अभियानात वीस तासांचे प्रशिक्षण होते. मात्र वयोमर्यादा १४ ते ६० वर्षे होती. ज्यांना अशा शिक्षणाची सर्वाधिक निकड, ते आजी-आजोबा त्याबाहेर राहिले. ही उणीव गावानेच भरून काढावी. शाळेच्या किंवा एमएस-सीआयटी केंद्राच्या संगणक खोलीत रविवारी एक तास वर्ग भरवता येईल. महाविद्यालयीन मुलांनी शिकवावे, ज्येष्ठांनी स्वतःचा मोबाइल घेऊन बसावे. खोटा फोन करून सरावही घ्यावा.

वर्गात या गोष्टी पक्क्या व्हाव्यात :

१. पैसे घेण्यासाठी यूपीआय पिन लागत नाही. तो केवळ देण्यासाठी लागतो.

२. ओटीपी कोणालाही सांगू नये. बँक तो फोनवर विचारत नाही.

३. ‘डिजिटल अरेस्ट’ नावाची कारवाई भारतीय कायद्यात नाही. असा फोन आल्यास तो बंद करावा.

४. अनोळखी व्यक्तीने पाठवलेले ॲप किंवा लिंक उघडू नये.

५. फसवणूक झाल्यास प्रथम १९३० आणि बँकेला, मग पोलीस ठाण्यात कळवावे. राष्ट्रीय सायबर गुन्हे तक्रार पोर्टलवरही नोंद करता येते.

आणि बाहेरगावी असलेल्या मुलामुलींनो, आई-वडिलांना आजच फोन करून सांगा : “फसलात तरी आधी मला कळवा, मी रागावणार नाही.” हे आश्वासन नसेल, तर १९३० हा क्रमांक पाठ असूनही फिरवला जात नाही.

त्या आजींची तक्रार आम्ही त्याच दिवशी नोंदवली. मुलाला मात्र त्यांनी स्वतःच फोन केला. तो रागावला नाही. पुढच्या तपासणीत रक्तदाब उतरला होता. पैसे परत आले नव्हते. चार दिवस हातचे गेले होते.