प्रयोगशाळेच्या अहवालामागील मानद सेवा

रुग्णसंख्या, शस्त्रक्रिया, देणग्या आणि खर्च यांचे आकडे या अहवालात दरवर्षी दिले जातात. मात्र जमा-खर्चाच्या कोणत्याही रकान्यात ज्याची नोंद होत नाही, अशा एका कामाची ओळख आपणांस करून द्यावी, या हेतूने हा लेख सादर करीत आहोत. आपल्या प्रयोगशाळेतील अनुभवी तंत्रज्ञ व विकृतिशास्त्रज्ञ यांनी व्यावसायिक सल्लागार समित्यांवर विनामूल्य काम करावे, असे आमचे धोरण आहे व त्यासाठी आम्ही त्यांना वेळ उपलब्ध करून देतो. रुग्णालयाच्या वेळेत हे काम कशासाठी, असा प्रश्न काही हितचिंतक विचारतात. प्रश्न रास्त आहे आणि त्याचे उत्तर देणे आमचे कर्तव्य आहे.

एका तपासणीचे उदाहरण

मधुमेहाच्या रुग्णांना व त्यांच्या कुटुंबीयांना एचबीए१सी ही तपासणी परिचित आहे. बोलीभाषेत तिला ‘तीन महिन्यांची साखर’ म्हणतात. रक्तातील साखर तांबड्या पेशींतील हिमोग्लोबिनला चिकटते आणि पेशीचे आयुष्य सुमारे १२० दिवसांचे असते. त्यामुळे मागील दोन-तीन महिन्यांतील साखरेचा अंदाज या एका आकड्यावरून येतो. हिशेबाच्या भाषेत सांगायचे तर उपाशीपोटीची साखर ही एका दिवसाची शिल्लक, तर एचबीए१सी ही तिमाहीची सरासरी शिल्लक होय.

१९९३ साली अमेरिकेतील एका मोठ्या अभ्यासाचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. पहिल्या प्रकारच्या मधुमेहात साखर काटेकोरपणे ताब्यात ठेवल्यास डोळे, मूत्रपिंड व मज्जातंतू यांचे विकार बऱ्याच अंशी टळतात, हे त्यातून सिद्ध झाले. परंतु अडचण अशी होती की, त्या काळी निरनिराळ्या प्रयोगशाळा निरनिराळ्या पद्धती वापरीत आणि एकाच रक्ताचे निष्कर्ष ठिकठिकाणी वेगळे येत. मोजपट्ट्याच जर वेगवेगळ्या, तर डॉक्टरांनी उद्दिष्ट कशाच्या आधारे ठरवावे?

ही विसंगती दूर करण्याचे काम समित्यांनी केले. अमेरिकेतील प्रमाणीकरण कार्यक्रम १९९६ साली सुरू झाला. प्रयोगशाळा वैद्यकाच्या आंतरराष्ट्रीय महासंघाच्या कार्यगटाने पुढे संदर्भपद्धती निश्चित केली. आपापल्या संस्थांतील नोकरी सांभाळून तज्ज्ञांनी नमुन्यांची देवघेव केली, निष्कर्ष ताडून पाहिले, मसुदे लिहिले आणि दुरुस्त केले. या पायावरच जागतिक आरोग्य संघटनेने २०११ साली ६.५ टक्के ही मर्यादा मधुमेहाच्या निदानासाठी ग्राह्य धरली. आज रुग्ण एका गावातील अहवाल दुसऱ्या गावातील डॉक्टरांना दाखवू शकतो, तो या श्रमांमुळे.

समितीचे काम कसे चालते?

वैद्यकीय प्रयोगशाळांसाठीचे आयएसओ १५१८९ हे आंतरराष्ट्रीय मानक प्रथम २००३ साली प्रसिद्ध झाले. त्याची चौथी आवृत्ती २०२२ साली निघाली. भारतात याच मानकाच्या आधारे ‘एनएबीएल’ ही संस्था प्रयोगशाळांना प्रत्यायन देते. असा दस्तऐवज कोणी एक अधिकारी लिहीत नाही. मसुदा तयार होतो, तो अभिप्रायासाठी पाठविला जातो, आलेल्या प्रत्येक हरकतीची नोंद होऊन तिच्यावर निर्णय दिला जातो आणि सहमती झाल्यावरच तो अंतिम होतो. ठरावीक काळाने पुन्हा फेरतपासणी होते. सभेपेक्षा सभेपूर्वीचे वाचन अधिक, असे या कामाचे स्वरूप आहे.

आपली माणसे तेथे का हवीत?

मानके केवळ मोठ्या व संपन्न प्रयोगशाळांच्या अनुभवावर लिहिली गेली, तर आपल्याकडील रुग्ण त्यांत दिसणार नाही. वरील तपासणीचेच पाहा. विदर्भात आणि नंदुरबारसारख्या आदिवासी भागांत सिकलसेलचे रुग्ण व वाहक मोठ्या संख्येने आहेत. सिकलसेलच्या रुग्णाच्या तांबड्या पेशी लवकर नष्ट होतात. त्यामुळे एचबीए१सी प्रत्यक्षापेक्षा कमी येतो आणि मधुमेह ताब्यात असल्याचा खोटा दिलासा मिळू शकतो. वाहकांच्या बाबतीत काही यंत्रपद्धतींचे निष्कर्ष बाधित होतात, काहींचे होत नाहीत. याउलट, आपल्याकडील स्त्रियांत सर्रास आढळणाऱ्या लोहाच्या कमतरतेमुळे हा आकडा वाढलेला दिसू शकतो. अशा वेळी अहवालावर कोणती टीप असावी, कोणती पर्यायी तपासणी सुचवावी, हे असे रुग्ण रोज पाहणारा मनुष्यच समितीपुढे ठामपणे मांडू शकतो.

आणखी एक कारण आहे. २०२१ साली संसदेने संलग्न आरोग्यसेवा व्यवसायांसाठी राष्ट्रीय आयोगाचा कायदा संमत केला. वैद्यकीय प्रयोगशाळाशास्त्राचा त्यात समावेश असून शिक्षणाचा दर्जा व व्यावसायिकांची नोंदणी यांसाठी तरतूद आहे. सूक्ष्मदर्शकाजवळ आयुष्य वेचलेल्या तंत्रज्ञाचा अनुभव अशा व्यवस्थेला मार्गदर्शक ठरला पाहिजे.

आमचे नियम

हे काम शिस्तीने व्हावे म्हणून आम्ही काही नियम पाळतो. बैठकीचा दिवस कर्तव्यकाल मानला जातो. मात्र त्या दिवशीची पाळी कोण सांभाळणार, हे आधी ठरल्याशिवाय परवानगी दिली जात नाही. यंत्रे वा रसायने पुरविणाऱ्या कंपन्यांशी काही संबंध असल्यास तो लेखी जाहीर करावा लागतो व त्यांच्याकडून भेटवस्तू स्वीकारता येत नाही. परत आल्यावर सहकाऱ्यांना चर्चेचा सारांश सांगणे बंधनकारक आहे. गोपनीय मसुदे मात्र गोपनीयच राहतात.

बदली माणसाचा खर्च संस्थेवर पडतो, हे आम्ही नाकारीत नाही. परंतु मानक का बदलले, हे जाणणारा मनुष्य विभागात असला म्हणजे बदल केवळ कागदावर राहत नाही, रुग्णाच्या अहवालात उतरतो. देणगीदारांनी दिलेल्या यंत्राचे खरे मोल त्यातून निघणाऱ्या आकड्याच्या विश्वासार्हतेवर ठरते आणि ती विश्वासार्हता अशाच मानद सेवेने जपली जाते. या उपक्रमास विश्वस्त, देणगीदार व रुग्णांचे कुटुंबीय यांचा पाठिंबा यापुढेही लाभावा, ही नम्र विनंती.